'ईक आउट' : एक दुर्मिळ इंग्रजी जोडक्रियापद

इंग्रजीत क्रियापदाला 'अप', 'आउट', 'ऑफ' असा लहानसा शब्द चिकटला की अर्थ पालटतो. अशा जोडीस 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या ग्रंथात हे नाव वापरले. आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांनी त्यास भिण्याचे कारण नाही. आपण मराठीत 'खाऊन टाकले', उर्दूत 'खा डाला', कन्नडात 'तिंदुबिट्ट' म्हणतोच. तेथे टाकण्याचा वा सोडण्याचा मूळ अर्थ कोठे उरतो? तेव्हा 'आउट' दिसताच 'बाहेर' लिहू नये.

'ईक' म्हणजे वाढविणे. हे जुने क्रियापद आज 'आउट'च्या सोबतीनेच जगून आहे. 'निकनेम'मध्येही तोच शब्द दडला आहे : मूळ 'ॲन ईकनेम', म्हणजे जादा नाव, बोलता बोलता 'ॲन'मधील 'न' पुढे सरकला.

घरात गव्हाचे पीठ थोडे आणि पाहुणे फार. गृहिणी त्यात ज्वारीचे पीठ मिसळते : 'शी ईक्ड आउट द व्हीट फ्लोअर विथ ज्वार.' अपुऱ्यास भर घालून पुरते केले. भर कशाची, ते 'विथ' सांगतो. कधी भर नसते, केवळ काटकसर असते : 'वी ईक्ड आउट द वॉटर टिल द रेन्स केम.' सर्वनाम मात्र मध्ये घालावे : 'ईक इट आउट'.

तिसरा प्रयोग 'ईक आउट अ लिव्हिंग', म्हणजे कसेबसे पोट भरणे. फाउलर यांनी १९२६ साली यास हरकत घेतली. उत्पन्नास भर घालता येते, जगण्यास कशी घालणार? तर्क बिनतोड, पण लोकांनी ऐकले नाही, आणि कोशकारांनी लोकांचे ऐकले. माझ्या मते बरेच झाले.

कोरडवाहू शेताच्या उत्पन्नास ऊसतोडीची जोड देणारे कुटुंब पहिल्या अर्थी 'ईक आउट' करते, तेथे 'विथ' येईल. ज्यास शेतच नाही, ते ऊसतोडीवर कसेबसे जगते. तेथे 'बाय' येईल. याचे भाषांतर नुसते 'उपजीविका करतात' असे केले, तर त्यांचे हाल वाक्यातून नाहीसे होतात. सुखवस्तू व्यापाऱ्यास हे क्रियापद लावूच नये.

आता पुढील वाक्ये इंग्रजीत करावीत : शिक्षक शिकवणी करून पगारास भर घालतात. आजीने रॉकेल महिनाभर पुरवून वापरले. ती म्हातारी टोपल्या विणून कसेबसे पोट भरते.