संजाचे शिल्प : एक आराखडा

उज्जैनमधील एका संग्रहालयाच्या मदतनिधीसाठी शिल्पाचा आराखडा करताना मी माळव्यातील 'संजा' हा विषय घेतला. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत कुमारिका भिंतीवर शेणाने आकृती काढून ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवितात. आकृती रोज नवी, अखेरीस किल्लाकोट. आणि मग साऱ्याचे पाण्यात विसर्जन. (विदर्भातील भुलाबाईही याच पौर्णिमेला बसते.)

जी कला पुसली जाण्यासाठीच जन्मते, ती धातूत ओतायची कशी? किल्लाकोट जसाच्या तसा ओतला तर तो शोभिवंत दिसेल, पण ती संजा नव्हे. म्हणून चौकट आणि नित्य येणारे सूर्य-चंद्र एवढेच मी पितळेचे ठेवले. मधली जागा रिकामी, मातीच्या लिंपणाची आहे. गुळगुळीत भिंतीवर शेण धरत नाही, तेव्हा लिंपण खरखरीतच हवे. देणगीदारांच्या नावांसाठी नेमकी हीच जागा सुचविण्यात आली! ती नावे मी चौकटीच्या पाठीमागे नेली. पितृपक्षात गावातील मुलींनी येथे संजा मांडावी, एरवी जागा मोकळी राहावी, अशी योजना आहे. वर रुंद छज्जा मात्र आवश्यक आहे, कारण भाद्रपदात पाऊस पुरता सरलेला नसतो.