वरचं कुपन

पिंगुळी,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

चि. बायो हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्मचित्राचा फोटो तुझ्या आईच्या मोबाइलवरून आला. पडवीत बसून बघितला, मग चष्मा काढून पुन्हा बघितला. ही जुनी युक्ती आहे. धूसर दिसलं की बारकावे जातात आणि काळं-पांढरं तेवढं उरतं. 'मामा, खरं काय ते सांग' असं तू म्हटलंयस. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. खोटं कौतुक फक्त इंटरमीजिएट परीक्षेच्या आदल्या दिवशी करायचो, पोरांचा हात थरथरू नये म्हणून. तुझं चित्र द्यायला अजून महिना आहे.

तर ऐक. डोळे मासिकातल्या एका नटीचे आहेत, ओठ दुसरीचे. केस काळ्या घोटीव कागदाचे आणि कपाळावर मथळ्यातून कापलेला 'स्वप्न' हा शब्द. चेहरा सुबक झालाय, पण रस्त्यात भेटला तर मी ओळख दाखवणार नाही. त्यात सरांनी सापडलेल्या कागदांतून स्वतःला करायला सांगितलेलं असताना तू लक्ष्मी रोडवरून छापील कागदांचा गठ्ठा विकत आणलास. गो बाय, बाजारातून आणलेल्या माशाला कोणी 'गरवून आणला' म्हणतं का?

आता तू म्हणशील की चित्रकार ब्राकने तरी काय केलं? १९१२ साली त्याने चित्रात कागद चिकटवला तो दुकानातूनच आणला होता, लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद. बरोबर. पण ब्राकचा बाप आणि आजा घरं रंगवणारे, आणि तो स्वतः तेच काम शिकलेला. भिंतीवर खोटं लाकूड उठवणं हे त्याच्या घरातलं काम. दुकानात त्याला आपल्याच घरचा कागद दिसला. तुझ्या गठ्ठ्यावर आयफेल टॉवर आहे, गुलाब आहेत. आपल्या घरात आयफेल टॉवर कधी आला?

दुसऱ्या कामासाठी घरात आलेला आणि काम संपल्यावरही राहिलेला, त्याला मी सापडलेला कागद म्हणतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाची जुनी पानं बघ. १९७३ सालापासून हे कॅलेंडर निघतंय आणि ते काढणारे जयंतराव साळगावकर मूळ आपल्या मालवणचे. पण ते कशाला, पान बघ. चौकटीत तुझ्या आईच्या अक्षरात दुधाचे खाडे आहेत, गॅस लावल्याची तारीख आहे, कुठे तुझ्या तापाचा आकडा असेल. औषधाच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकेच्या मागे केलेली वाण्याची यादी, आंब्याच्या पेटीतून निघालेलं डाग पडलेलं वर्तमानपत्र, हे सगळं आठ दिवस नुसतं जमव. चेहऱ्याचा विचार तोवर करू नकोस. एसटीचं हल्लीचं तिकीट मात्र थेट लावू नकोस. ते उष्णतेने उमटणारं छापकाम असतं, वर्षभरात कोरं होतं. त्याची झेरॉक्स काढ. झेरॉक्सची शाई पाण्याला दाद देत नाही, घरच्या इंकजेट प्रिंटरची मात्र खळ लागताच पसरते. पूर्वी कंडक्टर पंच मारून द्यायचा ती पातळ रंगीत तिकिटं माझ्याकडे मूठभर आहेत, ती सोबत पाठवतो.

आठ दिवसांनी आरशासमोर बस. सेल्फी नको. तो जवळून काढलेला असतो, नाक मोठं करतो आणि कान मागे ढकलतो. आपल्या घराण्याचं नाक आधीच पुरेसं आहे. उजेड एका बाजूने येऊ दे आणि कोळशाने फक्त सावल्यांचे तुकडे पाड, चार-पाच. मग वर्तमानपत्र भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून डोळे किलकिले करून बघ. अक्षरं जातील, करडे रंग दिसतील. जाहीर नोटिसांचे दाट रकाने गडद करडे, शेअर बाजाराचे आकडे त्याहून फिके, मथळे काळे, समास उजळ. या करड्यांतून गाल, हनुवटी, डोळ्याची खोबण असं सगळं उभं राहतं. अक्षरं उलटी किंवा आडवी लाव, म्हणजे बघणारा वाचत बसणार नाही. 'स्वप्न' काढून टाक. ज्या चित्राला कपाळावर शब्द लिहावा लागतो, त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

कात्री कमी वापर, फाड. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, कारण कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात. जबड्याची रेघ सरळ हवी तर उभा फाड, केसांची कड आडवी. बिनोदबिहारी मुखर्जी १९५७च्या सुमारास पूर्ण आंधळे झाले, त्यानंतर रंगीत कागद कापून चिकटवून चित्रं करत राहिले. डोळे होते तेव्हाही त्यांना कमीच दिसायचं. ती चित्रं बघितली की कळतं, कागद बोटांना कळावा लागतो. रात्री वीज गेली की अंधारात थोडा कागद फाडून बघ. (पुण्यात वीज जात नसेल तर पिंगुळीला ये.)

खळीबद्दल. मैद्याची खळ शिजव आणि पातळ ठेव. फेविकॉल वापरायचंच तर निम्मं पाणी घाल. बुक-बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, ते विष आहे, तू घालू नकोस. कागदाला खळ लावली की लगेच चिकटवायचा नाही, मिनिटभर थांबायचं. ओला कागद फुगतो, त्याचं फुगून होऊ दे, नाहीतर चिकटल्यावर फुगेल आणि गालावर सुरकुत्या पडतील. सुरकुत्या माझ्या चित्रात चालतील, अठराव्या वर्षी कशाला? आणि पुठ्ठ्याच्या एकाच बाजूने कागद लावलास तर वाळताना पुठ्ठा द्रोणासारखा वळणार. त्यावर उपाय एकच, तेवढाच कागद मागूनही लावायचा.

हा उपाय आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दिवाळीत तुला गावातल्याच गुढीपूरला घेऊन गेलो होतो ते आठव. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात २००६ साली ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं, पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तू तिथे कळसूत्री बाहुल्यांकडे धावलीस आणि चित्रकथीच्या पोथीजवळ दोन मिनिटं थांबलीस. पुन्हा बघ तेव्हा कडेने बघ. एका चित्राची पाठ दुसऱ्या चित्राच्या पाठीला चिकटवलेली असते. अशी तीस-चाळीस चित्रं, ती पोथी. चित्र पुढे उभं करून ठाकर कथा गातो, पान उलटतो, की मागचं चित्र पुढे. न दिसणारं चित्र दिसणाऱ्याला ताठ धरून असतं. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने जगलेली ही कला, आणि जुन्या पोथ्यांत चित्रकाराने स्वतःचं नाव टाकलेलं नाही.

पोथीतली माणसंही बघ. मोठे डोळे सगळ्यांनाच. डोळे-नाक बघून राम आणि लक्ष्मण वेगळे करायला गेलीस तर फसशील. तरी समोर बसलेल्या पोरालाही राम कोण ते चुकत नाही. धनुष्य, मुकुट, अंगाचा रंग आणि कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, यावरून माणूस कळतो. तुमच्या वर्गात हुबेहूबपणावर घाम गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय. साम्य थोडं हुकलं तरी चालेल, खूण हुकता कामा नये.

रंगाचं काम शेवटी. तू रंग सजावटीला वापरलायस, ओठांना लाल, गालाला गुलाबी. कोलाजमध्ये रंग मुख्यतः कागदाला गप्प करायला लागतो. एखादा तुकडा फार बडबडतो, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात फिरव, अक्षरं धुक्यातून दिसतील एवढा. गुळगुळीत मासिकाच्या कागदावर पोस्टर कलर धरत नाही, वाळला की पोपडे निघतात, तिथे ॲक्रिलिक घे. आणि काही जागा कागदाशिवाय, रंगाशिवाय सोड. माझ्या आजीच्या देवघरात रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र होतं. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी गेले. बायकांनी त्या देवांना आपल्या हाताने नेसवलं. आजीने लक्ष्मीच्या लुगड्यावर जुन्या शालूची जर चिकटवली होती, दागिन्यांवर टिकल्या, काठाला मणी. चेहऱ्याला आणि हातांना मात्र तिने बोट लावलं नव्हतं. कुठे थांबायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला शिकवायला सरकारने पगारी माणसं ठेवली होती, तरी मी एकदा थांबलो नाही. ते आता सांगतो.

तुझे आजोबा लालबागला राहायचे, गिरणीत कामाला होते. दर महिन्याला आईच्या नावाने मनीऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या खाली एक कुपन असायचं. त्यावर पाठवणाऱ्याने चार ओळी लिहायच्या आणि पोस्टमनने पैसे दिले की कुपन फाडून घरी ठेवून जायचं. पोस्टमनच ते वाचून दाखवायचा. आईला वाचता येत नव्हतं. ती कुपनं तिने ट्रंकेत एकावर एक रचून सुतळीने बांधली होती. फॉर्मचा दुसरा तुकडा, पोच, त्यावर तिचा अंगठा घेऊन परत मुंबईला जायचा. म्हणजे त्याचं अक्षर इथे आणि तिचा अंगठा तिथे.

१९८२च्या मे महिन्यात मी कोर्सच्या सुट्टीत घरी आलो. आत्मचित्र करायचं होतं, हेच कोलाज. ट्रंक उघडली, वरचंच कुपन उचललं, फाडून नाकाच्या सावलीला लावलं आणि वरून बर्न्ट अंबर मारला. अक्षर पूर्ण गेलं. चित्राला वर्गात शाबासकी मिळाली. आईने मात्र चित्र बघून एवढंच विचारलं, "तां वयलां होतां मां?"

तेव्हा मला कळलं नाही की वरचं असलं म्हणून काय झालं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि त्यानंतर मनीऑर्डर आलेली नव्हती. ते कुपन जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातलं होतं. बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही, ते गावी आले, आणि वर ठेवायला दुसरं कुपन आलंच नाही. आईला अक्षर येत नव्हतं, पण कितवं कुपन कुठलं ते तिच्या हाताला पाठ होतं. आता तर मनीऑर्डरची ती जुनी पद्धतच २०१५ साली पोस्टाने बंद केली. माझं ते चित्र पुढे एका पावसात माडीवर बुरशीने खाल्लं. मी वाचवायचा फारसा प्रयत्न केला नाही.

हे वाचून घाबरू नकोस आणि सगळं जपूनही ठेवू नकोस. कागद फाडायला धीर लागतो, तो तुझ्यात आहे. फक्त फाडण्याआधी घरात विचार, 'ह्यां कोणाचां?' आणि उत्तर येईपर्यंत थांब. काही वेळा उत्तरच चित्रात घालण्यासारखं निघतं.

सोबत एक पाकीट पाठवतोय. तिकिटं आहेत. कुपनांच्या झेरॉक्स आहेत, त्या पाहिजे तशा फाड. बाबा मुंबई सोडून आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आईच्या अंगठ्याच्या पोचा निघाल्या होत्या. त्यातली एक मूळ पाठवतोय, झेरॉक्स नाही. निळी शाई आहे, कडेला थोडी फाकलेली. तुझ्या आईला विचारून झालंय, ती 'दे' म्हणाली. चित्रात पुढे लावायची की पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, ते तू बघ. मागे लावलीस तर कुणाला दिसणार नाही, पण पुठ्ठा वळणार नाही.

खळ लावायच्या आधी कोपऱ्यावर शाईला पाणी लावून बघ, फुटते का ते. आणि चतुर्थीला येताना चित्र गुंडाळून आणू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांध. कुडाळ स्टेशनवर मी येईन, पण त्या दिवसांत गाडीत उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा दारापाशी बसलीस तर पुठ्ठा आतल्या बाजूला धर. पाऊस तिरका येतो.

तुझा,
मामा