टॉन्सिल्स बर्फाच्या गोळ्याने वाढतात का?

केळव्याच्या किनाऱ्यावर मुलाने बर्फाचा गोळा खाल्ला की घरी ओरडा ठरलेला, "आता टॉन्सिल्स वाढणार!" बिचारा गोळा! (त्यातलं पाणी कसलं, हा प्रश्न वेगळा.)

टॉन्सिल्स म्हणजे घशाच्या दोन बाजूंच्या गाठी. ॲडिनॉइडची गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वर असते; तोंड उघडून ती दिसत नाही. श्वासातून, अन्नातून आलेले जंतू इथे ओळखले जातात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. साधारण ३ ते ७ वर्षे वयात हे काम जोरात चालते, म्हणून गाठी मोठ्या दिसतात. पुढे बहुतेकांच्या आपोआप आक्रसतात.

मग एकाच वर्गातल्या एकाच मुलाचा घसा सारखा का सुजतो? इथे वारसा येतो. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, स्ट्रेप्टोकोकसमुळे वारंवार टॉन्सिल्स सुजणाऱ्या मुलांच्या घरात टॉन्सिल्स काढलेली माणसं जास्त आढळली. काही विशिष्ट एचएलए जनुकप्रकार त्यांच्यात अधिक होते आणि या जंतूच्या एका विषाविरुद्धची प्रतिपिंडे कमी. म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट कमी नव्हे, त्या एका जंतूपुढे लंगडी. तेव्हा डॉक्टरांना आई-बाबांच्या लहानपणीचंही सांगा.

गाठी मोठ्या झाल्या की मूल तोंडाने श्वास घेतं, रात्री घोरतं, झोप तुटते. सकाळी वर्गात डुलक्या, आणि आपण म्हणतो "आळशी"! पालकसभेत गुणांआधी विचारा, घोरतो का? श्वास मध्येच अडतो का? तसं असेल तर झोपेतला व्हिडिओ काढून पालघर-बोईसरला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही.