बॅकअप चढवण्याआधी

हापूसच्या ऐन हंगामात देवगडच्या एका बागायतदाराच्या ऑनलाइन दुकानाचं चेकआउटचं पान कोरं दिसायला लागलं. दुकान वर्डप्रेसच्या वूकॉमर्स या प्लगइनवरचं. ते सांभाळणाऱ्या मुलाने टर्मिनलवरून सगळे प्लगइन एका फटक्यात अपडेट केले होते. गडबडून त्याने आदल्या रात्रीचा डेटाबेस आणि फाइली परत चढवल्या. पान दिसू लागलं. माझ्याकडे काम आलं ते त्यानंतरचं निस्तरायला.

सकाळपासूनच्या ऑर्डरी गायब आणि पैसे मात्र पेमेंट गेटवेकडे जमा, इथवर कोणीही ताडेल. खरा घोळ पुढचा. डेटाबेस मागे गेला की ऑर्डर क्रमांक देणारा आकडाही मागे जातो. त्यामुळे दुपारच्या गिऱ्हाइकांना सकाळच्याच गिऱ्हाइकांचे क्रमांक मिळाले. गेटवेच्या यादीत एका क्रमांकापुढे दोन नावं आणि दोन रकमा. शिवाय विकलेल्या पेट्या पुन्हा शिल्लक दिसू लागल्या आणि नसलेला माल विकला गेला. गेटवेची यादी उतरवून घेऊन, एकेका गिऱ्हाइकाला फोन करून हे जुळवावं लागतं. त्याला कुठलीही कमांड नाही.

ब्लॉगला कालचा बॅकअप चालतो. दुकानाला चालत नाही, कारण दुकानाचा डेटाबेस दर ऑर्डरीला बदलत असतो. प्लगइनने पान पाडलं तर त्या एका प्लगइनची आधीची आवृत्ती डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या टर्मिनलवरच्या साधनाने परत बसवावी. आवृत्तीचा आकडा आणि ‘फोर्स’ एवढं पुरतं. हे वर्डप्रेसच्या भांडारातल्या मोफत प्लगइनना लागू. विकतच्यांची जुनी झिप स्वतः जपून ठेवावी लागते. वूकॉमर्सचं मात्र वेगळं आहे. त्याच्या फाइली बदलणं आणि डेटाबेस नव्या रचनेत नेणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. दुसरं झाल्यावर नुसत्या फाइली मागे नेण्यात धोका असतो. म्हणून फाइलींनंतर थांबा, एक खोटी ऑर्डर शेवटपर्यंत करून बघा, मगच डेटाबेसला हात लावा. घाई इथेच नडते.

साइटचा पत्ता बदलतानाही असंच. डेटाबेसच्या डंप फाइलमध्ये सरसकट ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ करणारे मी पाहिलेत. पीएचपी कित्येक सेटिंग्ज साठवताना मजकुराआधी त्याची लांबी लिहून ठेवते. पत्ता एका अक्षराने वाढतो, लिहिलेली लांबी तीच राहते आणि ती सेटिंग वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयची ‘सर्च-रिप्लेस’ ही लांबी दुरुस्त करत जाते. तीसुद्धा आधी ‘ड्राय-रन’ लावूनच चालवावी. कुठल्या टेबलात किती जागी बदल होईल ते ती सांगते आणि आकडा अवाच्या सवा दिसला तर तिथेच थांबता येतं.

भाव बदलायचे तर मेटा टेबलात थेट आकडे कोंबू नयेत. नेहमीचा भाव एका नोंदीत, कार्टमध्ये लागू होणारा भाव दुसरीत आणि भावानुसार क्रम लावायला तिसरंच टेबल. एकच बदललात की तिघांची तोंडं तीन दिशांना. वूकॉमर्सची स्वतःची प्रॉडक्ट अपडेटची कमांड तिन्ही सांभाळते. फक्त तिला अधिकार असलेला युजर सांगावा लागतो. जुन्या स्क्रिप्टही तपासून घ्या. 2023 च्या ऑक्टोबरात आलेल्या वूकॉमर्सच्या 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी पोस्टच्या टेबलात राहत नाहीत; पोस्टमध्ये शोधणारी स्क्रिप्ट तिथे खुशाल शून्य ऑर्डरी दाखवते.

चाचणीसाठी दुकानाची प्रत केली की आधी ईमेल बंद करा, नाहीतर खऱ्या गिऱ्हाइकांना त्या प्रतीतून पत्रं जातात.

आंब्याच्या दुकानाला मार्च ते मे मी हात लावत नाही. सुरक्षेचा अपडेट आलाच तर एका वेळी एकच प्लगइन, तोही पहाटे. दिवाळीचा फराळ अमेरिकेला पाठवणाऱ्यांची पहाटही मोकळी नसते, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. त्यांच्यासाठी मागच्या आठवड्यातल्या ऑर्डरींच्या वेळा काढतो आणि सर्वांत ओस तास निवडतो.