पक्षाघातानंतर दुसरा स्कॅन कशासाठी?

"डॉक्टरसाहेब, पहिला फोटो तर स्वच्छ आला होता. मग पुन्हा खर्च कशाला?" वडिलांची फिल्म हातात धरून एका मुलाने मला विचारले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन जेमतेम एक दिवस झाला होता. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर घाईत देता येत नाही. म्हणून आजचा विषय हाच.

झटक्यानंतर लगेच काढलेला साधा सी.टी. स्कॅन मुख्यतः एवढेच पाहण्यासाठी असतो, की मेंदूत रक्तस्राव आहे का? ताजे रक्त फिल्मवर पांढरे दिसते. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर मात्र पहिले काही तास हा स्कॅन अगदी नॉर्मल दिसू शकतो. 'फोटो स्वच्छ' म्हणजे रक्तस्राव नाही, इतकेच. झटका आला नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. हे न कळल्याने कित्येकजण रुग्णाला घरी नेतात आणि पारव्याचे रक्त चोळत बसतात.

आता रक्तवाहिनीच्या भिंतीकडे वळू. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या अस्तरातून बरेच पदार्थ सहज पाझरतात. मेंदूत मात्र या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. पाण्याच्या टाकीला आतून पक्का गिलावा करावा तशा. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. पुढे १९१३ मध्ये एडविन गोल्डमन यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि इतर अवयव कोरे राहिले! मध्ये काहीतरी आडवे आहे, हे त्यातून उमगले.

रक्तपुरवठा तुटला की ही भिंतही दुबळी होते. सांधे सैल होतात, पाणी झिरपते आणि मेंदूला सूज येते. ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. भिंत अधिकच खचली तर रक्तही बाहेर येते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देताना डॉक्टरांना धास्ती असते ती याचीच. १९९५ च्या अमेरिकेतील प्रसिद्ध चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या ६.४ टक्के रुग्णांना पहिल्या छत्तीस तासांत त्रासदायक रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. तरीही तीन महिन्यांनी फारसे अपंगत्व न उरलेले रुग्ण इंजेक्शन घेतलेल्या गटातच जास्त होते. म्हणून योग्य रुग्णाला ते साडेचार तासांच्या आत दिले जाते.

भिंत गळते आहे का, हे स्कॅनवर पाहण्याची युक्ती एर्लिख यांचीच म्हणा ना! हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम हे औषध देऊन एम.आर.आय. काढतात. भिंत शाबूत असेल तर औषध वाहिनीतच राहते. गळकी असेल तर ते मेंदूत शिरते आणि तो भाग उजळ दिसतो. काही मिनिटे एकामागून एक चित्रे घेतली, की कोठे किती वेगाने गळती आहे याचा हिशेब संगणक मांडतो. मात्र किती गळती म्हणजे धोका, याची सर्वमान्य रेषा अजून ठरलेली नाही. त्यामुळे ही मोजणी आजही बहुतांशी संशोधनातच आहे. ती केली नाही म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नये.

त्या मुलाच्या वडिलांना इंजेक्शन दिले होते. अशा रुग्णाचा चोवीस तासांनी पुन्हा स्कॅन काढतात तो ॲस्पिरिन सुरू करण्यापूर्वी रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी. आधीच रक्त झिरपत असताना ॲस्पिरिन दिले, तर आगीत तेलच. तारेने गुठळी बाहेर काढलेल्या रुग्णात तर आणखी एक पेच पडतो. स्कॅनवर पांढरा डाग दिसतो, पण ते रक्त की गळक्या भिंतीतून उतरलेले तपासणीचे औषध? औषध बहुधा एक-दोन दिवसांत निवळते. रक्त इतक्या लवकर जात नाही. म्हणून तेथेही फोटो पुन्हा काढावा लागतो.

स्कॅनसाठी शिरेतून औषध द्यायचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी आलेली ॲलर्जी आधीच सांगावी. पहिल्या स्कॅनची फिल्म घरी कपाटात ठेवून येऊ नये. दुसरी तिच्याशेजारी लावूनच वाचावी लागते.