पडद्यावरचा रंग आणि लोणारचे पाणी

गतवर्षी आपल्या वार्षिकांकातील भूगोलाच्या लेखासाठी लोणार सरोवराचे छायाचित्र तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. जून २०२० मध्ये तेथील हिरवट पाणी गुलाबी झाले होते, आणि लोणारला राहणाऱ्या माझ्या मामांनी ते काठावरून टिपले होते. हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. म्हणजे या चित्रात रंग ही शोभा नव्हती. रंग हाच पुरावा होता.

माझ्या संगणकाच्या पडद्यावर पाणी जांभळट दिसत होते. मी फोटोशॉपमध्ये निळा रंग कमी केला, तांबडा वाढविला आणि समाधानाने फाईल माझ्या गावी, अकोल्याला, एका छापखान्यात नेली. नमुन्याची प्रत हाती आली आणि माझा चेहरा उतरला. पाणी रक्तासारखे लाल आणि काठचे कमळजादेवीचे काळसर दगडी मंदिर तांब्याच्या भांड्यासारखे! मामा म्हणाले, "पानी गुलाबी होतं बापू, असं लालभडक नव्हतं. लोक म्हनतीन, पोरानं रंग चढवला." छापखान्यातील काकांनी दोनच शब्दांत निदान केले, "भाऊ, फोटू बराबर होता. तुमचा पडदाच खोटं बोलते."

ते खरे होते. चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा व निळा यांचे ० ते २५५ मधील तीन आकडे. परंतु तेच आकडे दोन पडद्यांवर दोन रंग दाखवितात. आकड्यांचा अर्थ सांगणाऱ्या टिपणाला 'प्रोफाइल' म्हणतात. त्याचे सर्वमान्य नियम ठरविण्यासाठी १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम स्थापन केले. पुढे १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी 'एसआरजीबी' हे सामायिक माप सुचविले. त्यात पांढऱ्याचे माप सुमारे ६५०० केल्व्हिन आहे. माझा पडदा ९३०० वर, म्हणजे निळसर, ठेवलेला होता. डोळा अशा पडद्याला लवकर सरावतो. म्हणून डोळ्याची साक्ष येथे पुरी पडत नाही. पडद्याचा दोष मी चित्रातून वजा करीत बसलो होतो.

विद्यार्थीमित्रांनो, उपाय क्रमाने सांगतो. प्रथम पडदा अर्धा तास चालू ठेवावा, त्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नये, आणि 'नाइट लाइट' बंद करावा. पडद्याच्या सेटिंगमध्ये एसआरजीबी किंवा ६५०० निवडावे. कलरिमीटर हे मापनयंत्र मिळाले तर त्याने पडदा मोजून त्याची प्रोफाइल तयार करावी. तोच खात्रीचा मार्ग.

कधी दोष वेगळाच असतो. माझ्या एका मित्राकडे चित्र केवळ फोटोशॉपमध्येच पिवळे दिसे, इतरत्र ठीक. तेथे पडद्याची प्रोफाइलच बिघडलेली होती. विंडोजच्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये तिच्या जागी एसआरजीबी ठेवून फोटोशॉप पुन्हा सुरू करताच पिवळेपणा गेला.

दोन आज्ञांत मात्र गल्लत करू नये. 'असाइन प्रोफाइल'ने आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो. 'कन्व्हर्ट'ने आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तोच राहतो. छपाईच्या चार शायांना पडद्यावरचे सगळे रंग साधत नाहीत; म्हणून छापखान्याकडून त्यांची प्रोफाइल मागून 'प्रूफ कलर्स'मध्ये आधीच पाहून घ्यावे.

मी पडदा सुधारला आणि मामांचे मूळ छायाचित्र पुन्हा उघडले. जांभळटपणा नव्हताच! मंदिराच्या दगडावर आयड्रॉपर टेकविला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे करडा रंग करडाच होता. माझ्या 'दुरुस्त' फाईलमध्ये मात्र त्याच दगडात तांबडा कितीतरी पुढे होता. ती फाईल पुसून मूळ चित्र जवळजवळ तसेच छापावयास दिले. अंक पाहून मामा एवढेच म्हणाले, "हा, हे आपलं लोनार."

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : चित्राला हात लावण्यापूर्वी पडदा तपासावा. आरसा वाकडा असताना तोंड सरळ करीत बसण्यात काय हशील?