एकटीनं उचलू नकोस गं

बराकपूरहून तुझा निरोप आला. वॉर्डात पेशंट उचलून कंबर धरलीय, उजव्या खांद्यातून कळ येते आणि शेवटी, "माझ्यातच ताकद कमी आहे बहुतेक." हे बघ, ते शेवटचं वाक्य आधी पुसून टाक. फौजी नवऱ्याच्या बदल्यांपायी दर वेळी अख्खं बिऱ्हाड बांधणारी-सोडणारी तू, आणि म्हणे ताकद कमी!

खरं सांगू का, हिशोबच असा आहे की कुणाचीही कंबर जाईल. अमेरिकेत निऑश नावाची कामगारांचं आरोग्य बघणारी सरकारी संस्था आहे. तिच्या सूत्राप्रमाणे सगळं अगदी सोयीचं असताना, चांगली पकड असलेलं खोकं उचलायचं तर मर्यादा २३ किलो. पेशंटला कुठली आलीय पकड? तो निसटतो, घाबरून तुझ्याच गळ्याला मिठी मारतो, वर सलाईन आणि कॅथेटर सांभाळायचं. म्हणून २००७ मध्ये तिथल्याच एका तज्ज्ञानं माणूस हातानं उचलण्यासाठी ही मर्यादा १६ किलोवर आणली. आता ६० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. दोन्ही पाय एकदम उचलून खाली चादर सरकवलीस, की झालीच मर्यादा पार. आणि तू अख्खा माणूस वर ओढतेस, बाई!

त्यात माणसं किती? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. तू नाईटला तीस जणांना एकटी बघतेस. त्यात झोपून असलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची. बरोबर उचलायचं कसं हे मी सांगतेच, पण त्यानं सगळं निभावेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. माणसं कमी ती कमीच.

तरी सांगते. हात लावायच्या आधी पलंग तुझ्या कमरेच्या उंचीवर आण. हँडल गंजलंय, फिरत नाही, हे माहीत आहे मला. मेंटेनन्सच्या माणसाच्या मागे लाग, दोन थेंब तेलाचं तर काम असतं. पलंग वर होणारा नसेलच तर एक गुडघा गादीच्या कडेवर टेक. जमिनीवरच्या पेशंटची सलाईन वाकून लावू नकोस, सरळ खाली गुडघ्यावर बस. वर सरकवायचं असेल तर उशाकडची बाजू सपाट कर, पेशंटचे हात त्याच्या छातीवर ठेव आणि त्याच्या काखेत हात न घालता खालची आडवी चादर दोघींनी दोन बाजूंनी धरून ओढा. कमरेतून वळू नकोस, पाऊल वळव. आणि ब्रेक! मी एकदा ट्रॉलीचा ब्रेक विसरले, ट्रॉली भिंतीला, पेशंट माझ्या अंगावर, आणि तोच मला विचारतोय, "सिस्टर, लागलं का?"

दुसरे हात कुठून आणू म्हणशील. तुमच्याकडे पेशंटचे नातेवाईक आया ठेवतात ना, तिला बोलव. "दिदी, एकटू धोरून ना," म्हणजे ताई, जरा धरा ना, एवढं बंगाली तुला येतंच. लाजू नकोस. एकटीनं पटकन उरकणारी नर्स सगळ्यांना आवडते गं, पण तिच्या एमआरआयचे पैसे कुणी भरत नाही.

आता थोडी रागावणार आहे. ड्युटीवर रिकाम्या पोटी एकमेकींना डायक्लोफिनॅक टोचून घ्यायचं बंद. पोट आणि किडनी दोन्ही बिघडवायची का? पट्टा बांधून निर्धास्त राहू नकोस. पट्ट्यानं कंबर वाचते असा पुरावा नाही, हे निऑशनं १९९४ मध्येच सांगितलंय. दुखतंय म्हणून आठवडाभर पडूनही राहू नकोस, जमेल तेवढं चालत राहा. पण पायाला मुंग्या येऊन पाऊल लुळं पडायला लागलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी डॉक्टर. पेशंटला जे ठणकावून सांगतेस तेच स्वतःला सांग.

घरचंही बघ जरा. नाईट संपवून चिडियामोडला भाजी घेतेस आणि दोन्ही पिशव्या त्याच दुखऱ्या खांद्याला! टोटो, म्हणजे तिथली ई-रिक्षा, कर, दहा-वीस रुपयांनी गरिबी येत नाही. पाण्याच्या बादल्या आणि सिलिंडर ही फौजेची कामं, त्यांना करू दे. कणीक मळायची असेल तर खाली बसून वाकू नकोस, ओट्याशी उभी राहा. ओटा ठेंगणा असला तर परात डब्यावर ठेव.

आणि आजपासून एक वही कर. तारीख, ड्युटी, किती पेशंट, किती नर्सेस, कुणाला एकटीनं उचललं, कुठे दुखलं, एवढंच. बरोबरच्या मुलींनाही लिहायला लाव. महिन्याभरानं तिघी-चौघी मिळून मेट्रनकडे जा आणि लेखी अर्ज द्या. नाईटला आणखी एक नर्स हवी, सरकवायच्या चादरी हव्यात, पलंगांची हँडलं दुरुस्त हवीत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, वही पुढे ठेवायची. तिथं गिळलेल्या शिव्या मग मला फोनवर ऐकव, अस्सल सातारी.